हाताला झेपेल ते हत्यार

दिवाळीच्या दिवसांत टिकल्यांचे पिस्तूल हाती न आलेला मुलगा आपल्याकडे विरळाच. पत्र्याचे ते पिस्तूल चार-पाच वर्षांच्या पोराला एका बोटाने उडवता येत नाही. चाप घट्ट असतो. मग ते पोर पिस्तूल पोटाशी धरते, दोन्ही हातांची बोटे चापात घालते आणि डोळे गच्च मिटून ओढते. बार होतो खरा; पण त्या क्षणी पिस्तुलाचे तोंड कुठे होते, हे त्या पोराला ठाऊक नसते. खऱ्या पिस्तुलाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहू गेले, तर कारागीर, सेनापती आणि सरकारे या एवढ्याशाच अडचणीशी झुंजत आलेली दिसतात. हत्यार हाताला झेपले पाहिजे, ही पहिली अडचण. आणि एकदा ते झेपेलसे केले की ते कुणाच्याही हाताला झेपते, ही दुसरी.

बंदुकीला खांद्याचा आधार असतो, डाव्या हाताचा टेकू असतो. पिस्तुलाला सारा भार मनगटाचा. त्याची नळी वीतभर. तेव्हा नेमाच्या दोन खुणांमध्ये अंतर ते किती असणार? ते पंधरा सेंटिमीटर धरले आणि नेम धरताना पुढची खूण एका मिलिमीटरने हलली, तर पंधरा मीटरांवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. त्यात चाप जड असेल तर तो ओढताना सारा पंजा आवळला जातो आणि नळी खाली झुकते. शिवाय बार होताच हाताला झटका बसतो. एकदा तो बसला की दुसऱ्या वेळी मन आधीच दचकते, आणि नवशिक्याची गोळी चुकते ती बहुतेक या दचकण्यानेच. वजन, चाप आणि झटका या तीन गोष्टी म्हणजे या विद्येतले तीन आडदांड विद्यार्थी. एकाला शांत बसवावे तर दुसरा उठतो. पिस्तूल हलके केले की खिशाला बरे, पण झटका वाढतो. जड केले की झटका मऊ होतो, पण हात थरथरतो.

जुन्या चकमकीच्या पिस्तुलात एकच बार. रंजक ओली झाली की तोही नाही. स्कॉटलंडमधला अलेक्झांडर फोर्साइथ हा पाद्री शिकारीचा शौकीन होता. रंजकेचा भपका पाहूनच पाखरे उडतात म्हणून वैतागून त्याने ठोका बसताच पेट घेणारी दारू बंदुकीला लावली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. मुलांची टिकली ही त्याच कल्पनेची धाकटी नात! या ठोक्याच्या दारूवर अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये आपले फिरत्या चक्राचे पिस्तूल पेटंट केले. एकदा भरले की पाच-सहा बार. परंतु हाताला झेपण्याच्या नावाने आनंदच होता. १८४७ साली कॅप्टन वॉकरच्या सांगण्यावरून कोल्टने केलेले पिस्तूल दोन किलोंहून जड होते. ते कमरेला लावायचे नव्हेच, घोड्याच्या खोगिराला अडकवायचे. चार वर्षांनी त्याने ‘नेव्ही’ नावाचे पिस्तूल काढले. त्याचे वजन सव्वा किलोच्या आत आणि गोळीही लहान. बोजड हत्याराने दिलेला धडा कारखानदार लवकर शिकला.

कोल्टच्या पिस्तुलात दर बाराला अंगठ्याने घोडा चढवावा लागे. चाप मग अगदी हलका लागे, नेम चांगला बसे. पण झटापटीत अंगठ्याला एवढी फुरसत कुठली? १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथे कोल्टने आपला माल मांडला, तसा रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिरानेही मांडला. ॲडम्सच्या पिस्तुलाला घोडा चढवावाच लागत नसे. चाप ओढला की घोडा आपोआप चढे आणि पडे. काम झटपट, पण चाप जड. ब्यूमाँट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये या भांडणात तडजोड केली: सवड असेल तर घोडा अंगठ्याने चढवा, नसेल तर नुसता चाप ओढा. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी रिव्हॉल्व्हरमध्ये ही तडजोड टिकून आहे.

१८५७ साली स्मिथ आणि वेसन या जोडीने .२२ मापाच्या, म्हणजे इंचाच्या शंभरांतल्या बावीस भागांच्या, धातूच्या काडतुसाचे लहानसे रिव्हॉल्व्हर विकायला काढले. दारू मोजून ओतणे नाही, गोळी ठासणे नाही. काडतूस सरकवले की झाले. झटका जवळजवळ नाही, आवाज बेताचा. नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा द्यायचे माप म्हणून .२२चा मान आजतागायत कुणी हिरावून घेतलेला नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते पंचवीस मीटरांवरून याच मापाच्या पिस्तुलाने.

याच कंपनीच्या डॅनियल वेसनची एक आख्यायिका सांगतात. एका मुलाने घरातले पिस्तूल उचलले, घोडा चढवला आणि चाप ओढून स्वतःला जखमी करून घेतले, ही बातमी ऐकून तो अस्वस्थ झाला. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, १८८७ साली कंपनीने काढलेले रिव्हॉल्व्हर मात्र खरे. त्याचा घोडा आत झाकलेला. आणि मुठीच्या मागे एक पट्टी, जी तळव्याने घट्ट दाबल्याखेरीज चाप हलायचाच नाही. आठ वर्षांखालच्या सामान्य मुलाला हे पिस्तूल उडवता येणार नाही, अशी त्याची जाहिरात असे. ते १९४० पर्यंत तयार होत होते. सोपे करायचे ते कुणासाठी आणि अवघड ठेवायचे ते कुणापासून, हा प्रश्न एखाद्या कारखान्याने इतक्या स्पष्टपणे मांडल्याचे उदाहरण त्यापूर्वी फारसे आढळत नाही.

आता सैन्याकडे वळू. १८८७ सालीच इंग्रज सैन्याने वेब्ली रिव्हॉल्व्हर पत्करले. ते मधोमध मोडते आणि रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकते. माप .४५५. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्याची सहावी आवृत्ती आली. वजन सुमारे १.१ किलो. शाळा-कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण थोडक्या दिवसांच्या शिक्षणावर अधिकारी होऊन खंदकांत उतरत होते. मुरलेल्या शिपायाच्या हातात वेब्ली हे जबरदस्त हत्यार. पण नवख्याला ते वश व्हायला फार दिवस लागत. युद्ध संपल्यावर इंग्रज सैन्याने हिशोब मांडला. ज्या मोठ्या गोळीने नेमच लागत नाही, तिच्यापेक्षा नेम लागणारी लहान गोळी बरी. म्हणून .३८ मापाचे, पाऊण किलोच्या आसपास वजनाचे एन्फील्ड रिव्हॉल्व्हर १९३२ साली स्वीकारले गेले. पुढे १९३८ मध्ये रणगाड्यांतल्या शिपायांसाठी त्याच्या घोड्याचे बाहेर आलेले टोकच काढून टाकले, कारण ते जागोजाग अडके. आणि आतली कमान सैल करून चाप हलका केला. तरीही घोडा अंगठ्याने चढवण्याची सोय गेल्यामुळे सावकाश नेम धरणारे शिपाई नाराज झाले. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय!

गंमत अशी की अमेरिकन सैन्य नेमके याच्या उलट दिशेने चालले होते. फिलिपाइन्समधल्या मोरो लढवय्यांपुढे .३८ रिव्हॉल्व्हर अपुरे पडते, अशा तक्रारी आल्या म्हणून त्याने १९११ साली .४५ मापाचे भारी पिस्तूल घेतले. मग दुसऱ्या महायुद्धात त्या सैन्याच्या ध्यानात आले की ट्रक हाकणारा, तारा जोडणारा, कोठार राखणारा माणूस या पिस्तुलाने काही नीट नेम मारू शकत नाही. तेव्हा अशांना खांद्याला लावायची हलकी कार्बाइन देण्यात आली. युद्धकाळात तिचे साठ लाखांवर नग तयार झाले. पिस्तूल हे सोपे हत्यार आहे, या समजुतीला दिलेले हे साठ लाख नगांचे उत्तर म्हणायचे.

हा लंबक पुन्हा एकदा हलला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत अमेरिकेच्या एफबीआय या पोलिस संस्थेचे दोन अधिकारी मारले गेले. गोळी कमी पडली, असा निष्कर्ष निघाला आणि दहा मिलिमीटरचे दणकट पिस्तूल आणले. ते अनेकांना आवरेना. म्हणून काडतुसातली दारू कमी केली; त्यातूनच १९९० साली .४० हे नवे माप निघाले. अखेर २०१४ मध्ये त्या संस्थेच्या प्रशिक्षण विभागाने कौल दिला की बहुतेक माणसे नऊ मिलिमीटरने अधिक जलद आणि अधिक अचूक मारतात. आणि गाडे पुन्हा लहान मापावर आले. इंग्रज सैन्याने पहिल्या महायुद्धानंतर जे ओळखले होते, तेच पुन्हा शिकायला इतकी वर्षे आणि इतके पैसे लागले. ज्ञान वारशाने मिळत नाही, हे आम्हा मास्तरमंडळींना नव्याने सांगायला नको.

म्हाताऱ्या हातांची कथा थोडी निराळी. मॅगझिनच्या पिस्तुलात पहिले काडतूस नळीत चढवायला वरची सरकपट्टी ताकदीने मागे खेचावी लागते. सांधे धरलेल्या बोटांना ते जमत नाही. १९२०च्या दशकात जर्मनीत लिग्नोज नावाचे एक पिस्तूल निघाले. त्यात चापापुढची कड एका बोटाने मागे ओढली की पट्टी सरके. इटलीच्या बेरेट्टा कंपनीने काही छोट्या पिस्तुलांची नळीच मागून वर उघडेल अशी केली, म्हणजे काडतूस हाताने ठेवावे आणि नळी मिटावी. २०१८ साली स्मिथ अँड वेसनने कमकुवत हातांनाही सहज ओढता येईल अशा पट्टीचे पिस्तूल काढले आणि त्याच्या नावातच ‘ईझी’ घातले. रिव्हॉल्व्हरला तर पट्टीच नसते. म्हणून वयस्करांना ते सोपे, असे पुष्कळांना वाटते. पण त्याचा लांब, जड चाप ओढायला जे बोट लागते, ते म्हातारपणी असतेच असे नाही. सरकपट्टीची अडचण चुकवावी तर चापाची अडचण दारात उभी!

वयाच्या बाबतीत उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर आजींचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. नातीला नेमबाजी शिकवायला म्हणून त्या गेल्या आणि पासष्टी उलटल्यावर स्वतःच पिस्तूल धरून बसल्या. पुढे त्यांनी कितीतरी पदके मिळवली. २०२१ साली त्या वारल्या. त्यांच्या हाती आले ते हवेच्या दाबाचे पिस्तूल: अंतर दहा मीटर, झटका नाममात्र, स्पर्धेच्या नियमाने चापाचा जोर पाचशे ग्रॅमपर्यंत उतरू शकतो. शेतीत आणि गोठ्यात राबलेले मनगट त्यांच्यापाशी होतेच. हत्यार आणि हात यांची जोडी जमली की वय आड येत नाही, एवढे त्या आजींनी दाखवून दिले.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही हे हाती मावणारे हत्यार एकदा फार गंभीर रूपात आले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंग, सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी. कान्हेरे हा शिपाई नव्हता, विशीही न गाठलेला विद्यार्थी होता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तो आणि त्याचे दोन साथीदार, कर्वे आणि देशपांडे, फासावर गेले. १८७८च्या शस्त्र कायद्याने ज्या प्रजेला निःशस्त्र केले होते, तिच्यातल्या एका पोराच्या हाती बेल्जियममध्ये तयार होणारी असली सपाट, खिशात मावणारी पिस्तुले पोचू शकतात, ही गोष्ट इंग्रज सरकारला बंडापेक्षाही अधिक झोंबली असावी.

स्वतंत्र भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही. परवान्याला वय एकवीस लागते. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचीही अट घातली. सैन्य-पोलिसांची मापे सामान्य नागरिकाला बंद, म्हणून आपल्याकडच्या परवानाधारकाचे माप मुख्यतः .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे या मापाचे रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्याच वंशातले. दिल्लीच्या २०१२च्या त्या भीषण घटनेनंतर, २०१४ साली, तिथेच ‘निर्भीक’ हे पाचशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून काढण्यात आले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. रोज बसने कामाला जाणाऱ्या बाईला ते परवडणार कसे, हा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला. आणि हलके केले की झटका वाढतो, हा वॉकरच्या काळापासूनचा नियम सरकारी कारखान्यालाही चुकवता आला नाही.

तेव्हा सोपे हत्यार म्हणजे काय? मुठीत बसणारे, दचकवणार नाही इतक्या लहान मापाचे, झटका गिळण्याइतके वजनदार आणि एका बोटाच्या आवाक्यातल्या चापाचे. दोन शतकांच्या अनुभवाने दिलेले उत्तर एवढे साधे आहे. पण वेसनच्या पट्टीचा प्रश्न त्याने सुटत नाही. आठ वर्षांच्या मुलाची पकड आणि ऐंशी वर्षांच्या आजीची पकड यांत अंतर फार थोडे असते. जे यंत्र आजीला झेपेल असे घडवले, ते नातवालाही झेपेल. आणि दोघांतला फरक ओळखणारी कमान त्या यंत्रात बसवता येत नाही. ते काम कपाटाच्या कुलपाचे, आणि किल्ली सांभाळणाऱ्या माणसाचे. पिस्तूल घडवणाऱ्यांनी आपल्या वाट्याचे बरेचसे करून ठेवले आहे. उरलेले ज्याचे त्याने आपल्या घरात करायचे आहे.