गुडघ्याच्या लवणीतली गाठ

मंडळी, आज आपण शरीरातल्या एका अगदी लहान जागेचा इतिहास बघणार आहोत : गुडघ्याची लवण. गुडघा वाकवला की मागे जो खळगा पडतो, तो. तिथून पायाची मुख्य धमनी पोटरीकडे उतरते. तिची भिंत सैल पडली की ती फुग्यासारखी फुगते. पुस्तकात याला धमनीविस्फार म्हणतात, दवाखान्यात ॲन्युरिझम.

सुश्रुतसंहितेत ‘सिराज ग्रंथी’ आहे. अशक्त माणसाने झेपणार नाहीत इतके श्रम केले की ती होते, असं कारण दिलंय. दुखरी आणि हलणारी गाठ बरी करणं कठीण. न दुखणारी, न हलणारी, मोठी किंवा मर्मावरची असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. ही गाठ म्हणजे नेमका ॲन्युरिझमच, असं छातीठोकपणे सांगणं आम्हाला पटत नाही. पण तो सल्ला पुढे कित्येक शतकं शहाणपणाचाच ठरला.

कारण उपाय भयंकर होते. अँटिलस या ग्रीक वैद्याची रीत अशी : गाठीच्या वर आणि खाली धमनी बांधायची, गाठ फोडून रिकामी करायची. लवणीत हे केलं की रोगी बहुधा रक्तस्रावाने किंवा जखम चिघळून जायचा. त्यापेक्षा मांडीतून पाय कापलेला बरा, असं अठराव्या शतकातल्या लंडनचे कित्येक सर्जन म्हणत. आणि भूल नव्हती बरं का. ईथर आलं 1846 मध्ये.

डिसेंबर 1785. लंडनचं सेंट जॉर्जेस हॉस्पिटल. 45 वर्षांचा एक घोडागाडीवाला, लवणीत तीन वर्षांची गाठ. जॉन हंटरने गाठीला हातच लावला नाही. वर मांडीत, जिथे धमनी निरोगी होती, तिथे ती बांधून टाकली. मग पाय सडला का नाही? ठाकुर्लीकरांना हे समजावून सांगायला नको. फास्ट लाइन बंद पडली की गाड्या स्लोवर वळवतात. उशीर होतो, पण कल्याण येतं. गुडघ्याभोवतीच्या बारीक शाखा तसंच करतील, हा हंटरचा हिशेब होता. तो बरोबर निघाला. माणूस पायावर घरी गेला, पुन्हा गाडी हाकू लागला. सुमारे सव्वा वर्षाने तो तापाने वारला, तेव्हा हंटरने तो पाय मिळवून उघडून पाहिला : गाठ आक्रसली होती. त्याचा चौथा रोगी तर शस्त्रक्रियेनंतर 50 वर्षं जगला.

तरी एक अडचण उरली. लवणीतली गाठ फुटण्यापेक्षा आतून गोठते, हा तिचा खरा धोका. रक्ताच्या गुठळ्यांचे कण खाली जाऊन नडगीच्या बारीक वाटा बुजवतात. म्हणजे स्लो लाइनही बंद! अशा पायात वरची धमनी बांधली तर पाय काळा पडणारच.

तेव्हा बांधणं पुरेसं नव्हतं, नवी वाट हवी होती. 1906 मध्ये माद्रिदला होसे गोयानेसने लवणीतल्या धमनीच्या जागी रोग्याचीच शेजारची शीर वापरली. रक्तवाहिन्या नीट शिवण्याची रीत अलेक्सी कारेलने नुकतीच बसवली होती. त्याला 1912 चं नोबेल मिळालं. पॅरिसच्या जाँ कुन्लँने 1948 मध्ये पायातली लांब शीर काढली, उलटी केली आणि बंद धमनीला बगल देऊन जोडली. उलटी का? शिरेतल्या झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात; सुलटी लावली तर त्याच वाट अडवतात. 1969 मध्ये अमेरिकन सर्जन एडवर्ड्सने गाठ जागीच ठेवून वरखाली बांधली आणि बाजूने शीर जोडली. आमच्या मते ही हंटरच्या दोऱ्याची आणि कुन्लँच्या वाटेची सोयरीक.

1990 च्या दशकापासून आतून कापडी अस्तराचा स्टेंटही बसवतात. चीर लहान, पण गुडघा दिवसभर वाकतो आणि स्टेंट मोडू शकतो. म्हणून चांगली शीर मिळाली तर बरेच सर्जन आजही तीच पसंत करतात. गाठ साधारण 2 सेंटिमीटरची झाली की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. रोगी बहुतेक साठीपुढचे पुरुष, त्यात विडी-सिगारेटवाले बरेच. सुमारे निम्म्या जणांच्या दुसऱ्या पायातही गाठ असते, आणि अनेकांच्या पोटातली महाधमनीही फुगलेली सापडते. म्हणून एका लवणीत ठोके देणारी गाठ लागली की डॉक्टर दुसरा गुडघाही चाचपतात आणि पोटाची सोनोग्राफी लिहून देतात.