तळटीप : परळीची ‘वाऱ्यासारखी’ गाडी
१. वाऱ्यासारखी : परळी वैजनाथच्या गाडीला लेखकाने लावलेले हे विशेषण बैलगाडीच्या हिशेबात घ्यावे. वाफेच्या इंजिनाचा वेग मुख्यतः चालक चाकांच्या व्यासावर आणि दट्ट्यांच्या मागेपुढे होण्याचे हादरे रूळ किती सोसतील यावर ठरतो. १९४७ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाची चालक चाके सुमारे १.७ मीटर व्यासाची. ताशी ११० किलोमीटरला ती सेकंदाला जवळजवळ सहा गरके घेत. ब्रिटनच्या ‘मॅलार्ड’ने १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर गाठले खरे, पण उतारावर, आणि बेअरिंग तापवून घेऊन! जतन केलेल्या इंजिनांकडून असली कसरत कोणी करून घेत नाही. बॉयलर जुना, सुटे भाग मुद्दाम घडवावे लागतात. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर त्यांतल्या मोठ्यांनाही साधारण १२० ची मर्यादा असते. १८५५ ची आपली ‘फेअरी क्वीन’ दिल्ली–अलवर मार्गावर ताशी ४० च्या आतबाहेर चाले. परळी बीड जिल्ह्यातली, पण खुद्द बीड शहराच्या वाट्याला वाफेची गाडी आलीच नाही : बीड–अहिल्यानगर प्रवासी गाडी सुरू झाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, आणि भारतीय ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची वाहतूक १९९५ मध्येच थांबली होती. — संपा.