शुद्धीकरणात हरवलेले प्रथिन

छातीत दुखते म्हणून रुग्ण आला की डॉक्टर आज ईसीजीबरोबर रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी सांगतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन पेशींतून रक्तात उतरते. ते शोधणारे सेत्सुरो एबाशी मात्र हृदयविकाराच्या निदानामागे नव्हते. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: आकुंचन पावलेला स्नायू पुन्हा सैल कसा होतो?

एबाशींचा जन्म १९२२ साली टोकियोत झाला. १९४४ मध्ये टोकियो विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन ते औषधशास्त्रातील संशोधनाकडे वळले. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीस हंगेरीत सेंट-जॉर्जी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले होते की ॲक्टिन आणि मायोसिन ही दोन प्रथिने एकत्र करून त्यांत एटीपी घातले की स्नायूबाहेरही आकुंचन घडते. पुढे, १९५१च्या सुमारास, स्नायूच्या लगद्यातून काढलेल्या रसात स्नायू सैल करणारा काही घटक असतो, हेही लक्षात आले. एबाशींनी त्या घटकाचा माग काढला. तो रसात विरघळलेला पदार्थ नव्हता, तर पेशीतील सूक्ष्म पिशव्यांचे तुकडे होते.

या पिशव्या करतात काय? एबाशींचे उत्तर होते: त्या भोवतालचे कॅल्शियम शोषून घेतात. कॅल्शियम गेले की स्नायू सैल होतो, ते मोकळे सुटले की आकुंचतो. याला आधार म्हणून त्यांनी कॅल्शियमला पकडून ठेवणारी वेगवेगळी रसायने वापरून पाहिली. ज्याची पकड घट्ट, ते रसायन स्नायूला अधिक सैल करत होते. १९५९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रिट्झ लिपमन यांच्याकडे गेले. या पिशव्या एटीपीची ऊर्जा वापरून कॅल्शियम आत ओढतात, हे दाखवणारा दोघांचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही अनेकांना हे पटेना. इतके नाजूक काम एक साधा आयन करेल? शंकेला कारणही होते. शुद्ध ॲक्टिन, शुद्ध मायोसिन आणि एटीपी यांचे आकुंचन कॅल्शियम काढून घेतल्यावरही होत असे. स्नायूतून थेट काढलेल्या, फारशा शुद्ध न केलेल्या मिश्रणाला मात्र कॅल्शियम लागे. प्रयोग दोन, उत्तरे परस्परविरोधी.

एबाशींनी दोन्ही उत्तरे खरी मानली. मग निष्कर्ष एकच उरतो: शुद्ध करताना काहीतरी गळून जाते, आणि कॅल्शियमचा हुकूम ऐकणारे तेच. १९६३ मध्ये त्यांनी या तिसऱ्या घटकाचे अस्तित्व दाखवले. पत्नी फुमिको यांच्यासह केलेल्या कामातून तो ट्रोपोमायोसिनसारखा दिसला. परंतु १९६५ मध्ये कोडामा यांच्यासह त्यातून एक नवेच प्रथिन वेगळे निघाले. तेच ट्रोपोनिन.

आज आपण ही यंत्रणा अशी समजतो. ॲक्टिनच्या तंतूवर ट्रोपोमायोसिनची दोरी पसरलेली असते आणि तिच्यावर ठरावीक अंतरावर ट्रोपोनिन बसलेले असते. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटले की दोरी बाजूला सरकते आणि मायोसिनला ॲक्टिन धरता येते. कॅल्शियम पिशव्यांत परतले की दोरी पुन्हा आड येते. ट्रोपोनिनचे तीन भाग असतात, हे १९७१पर्यंत स्पष्ट झाले. त्यांतील दोन भागांची हृदयातील रूपे हातापायांच्या स्नायूंतील रूपांहून थोडी वेगळी असतात. या फरकावरच १९८०च्या दशकाच्या अखेरीस रक्ततपासणी उभी राहिली.

हे सारे घडायला लागणारे कॅल्शियम किती? लिटरमागे सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरते. नळाच्या पाण्यात याच्या शेकडो पट कॅल्शियम सहज असते. म्हणजे भांड्यात किंवा पाण्यात थोडेसे राहून गेले तरी उत्तर बदलणार. १८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगर यांनाही हाच अनुभव आला होता. नळाच्या पाण्यातील क्षारद्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राही, ऊर्ध्वपातित पाण्यातील द्रावणात थांबे. फरक कॅल्शियमचा होता.

शुद्ध पदार्थ हाती आला की आम्हा संशोधकांना काम फत्ते झाल्यासारखे वाटते. एबाशींनी धुवून टाकलेल्या भागाकडेही पाहिले. वर्गात दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत, तर चूक कोणाची हे ठरवण्याआधी आपणही विचारून पाहावे: तुम्ही पाणी कुठले घेतले होते?