बदली झालेला कॅप्टन

'द रॅकेट' हा १९२८ सालचा मूकपट परवा एकदाचा पाहून झाला. गँगस्टरपट म्हटलं की आपल्याला बंदुका आणि भरधाव मोटारी आठवतात. त्या इथेही आहेत, पण माझ्या डोक्यात घर करून बसली ती एक बदली!

मॅक्‌क्विग हा पोलीस कॅप्टन, आणि निक स्कार्सी हा चोरटी दारू विकणारा दादा. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती, त्यामुळे असल्या लोकांची चांदीच. स्कार्सीची टोळी निवडणुकीत मतं मिळवून देते, म्हणून नेते त्याला सांभाळतात. कॅप्टन धमक्यांना बधत नाही म्हटल्यावर त्याची रवानगी थेट शहराच्या टोकाच्या एका ओसाड ठाण्यात होते. (तुम्हालाही आपल्याकडची दोन-चार नावं आठवली ना? असो.)

पण नेमका स्कार्सीचा धाकटा भाऊ गाडीखाली माणूस चिरडून याच ठाण्यात येऊन अडकतो. मग स्कार्सीच्या हातून एका पोलिसाचा खून होतो. निवडणूक तोंडावर. आपल्याला सोडवलं नाही तर सगळ्यांची नावं सांगेन, असं तो धमकावतो आणि तिथेच त्याचं भरतं. ज्यांनी त्याला इतकी वर्षं पोसलं तेच त्याचा काटा काढतात. कॅप्टन जिंकला म्हणावं तर व्यवस्था जशीच्या तशी!

सिनेमात शहराचं नाव नाही, पण ते शिकागो हे तेव्हा शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मूळ नाटक लिहिणारा बार्टलेट कॉर्मॅक तिथलाच बातमीदार. नाटक १९२७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं, तेव्हा स्कार्सी झाला होता एडवर्ड जी. रॉबिन्सन. त्याच वर्षी 'बिग बिल' थॉम्प्सन शिकागोचा पुन्हा महापौर झाला होता, आणि अल कपोनचा पैसा त्याच्यामागे आहे हे उघड बोललं जायचं. १९२८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या पक्षांतर्गत निवडणुकीत इतके बॉम्ब फुटले की लोकांनी तिचं नावच 'अननस निवडणूक' ठेवलं. हातबॉम्बला तेव्हा अननस म्हणत. त्याच उन्हाळ्यात हा सिनेमा आला. शिकागोने आधी नाटकावर बंदी घातली, मग सिनेमावर. नाव न घेताही ज्याला लागायचं त्याला बरोबर लागलं!

निर्माता हॉवर्ड ह्यूज तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा, दिग्दर्शक लुईस माइलस्टोन. पहिल्याच ऑस्करमध्ये, १९२९ साली, सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी जी तीन नावं होती त्यांत हे एक. बक्षीस 'विंग्ज'ला गेलं.

पुढे हा सिनेमा हरवलाच असं सगळे धरून चालले होते. ह्यूज १९७६ मध्ये गेला आणि त्याच्या खाजगी संग्रहात याची एक प्रत सापडली. लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाने ती नीट करून घेतली आणि २००४ मध्ये ती अमेरिकेत टीव्हीवर दाखवली गेली. १९५१ साली ह्यूजनेच काढलेला बोलपटही आहे, रॉबर्ट मिचम आणि रॉबर्ट रायनचा. पण बघायचाच तर आधी मूकपट बघा. स्कार्सी झालेल्या लुई वोलहाइमचं ते मोडकं नाक संवादांशिवायच पुरेसं बोलतं.