वर्ध्याच्या उन्हाळ्यात ड्वार्फ सिक्लिड आणि टेट्रा

फिश टँकच्या मध्यभागी टेट्रांचा थवा आणि तळाशी ड्वार्फ सिक्लिडची जोडी, ही रचना शौकिनांत लोकप्रिय आहे. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील. रॅम ओरिनोको खोऱ्यातला, तर कार्डिनल टेट्रा रिओ निग्रोच्या काळसर, जवळपास क्षारविरहित पाण्यातही आढळणारा. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यामुळे येथे माशांची निवड विचारपूर्वकच करावी लागते.

दुकानात स्वस्त मिळणारा निऑन टेट्रा येथे टाळावा. त्याला साधारण २० ते २६ अंशांचे पाणी मानवते, तर रॅमला २७ ते ३०. दोघांना एकत्र ठेवल्यास एकाचे हाल ठरलेलेच. कार्डिनल अधिक ऊब सोसतो. सुमारे १०० लिटरच्या टाकीत रॅमची एक जोडी व दहा-बारा कार्डिनल पुरेत.

रॅम सपाट दगडावर अंडी घालतो आणि नर-मादी दोघे राखण करतात. एपिस्टोग्रामाची मादी मात्र कपारीत अंडी घालून, पिवळीधमक होऊन, एकटीच पहारा देते. तिच्यासाठी कवेलूचा तुकडा किंवा नारळाची करवंटी उत्तम. पिले पोहू लागली की टेट्रा ती टिपतात. म्हणून पैदास करायची असल्यास टेट्रांना वेगळी टाकी द्यावी. पिलांना नुकतेच फुटलेले आर्टेमिया लागतात.

उन्हाळ्याचा एक छुपा परिणामही आहे. १९९६ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले, की एपिस्टोग्रामाच्या अनेक जातींत पिलांचे लिंग तापमानावर ठरते. ऊब वाढली की नरांची संख्या वाढते. म्हणजे मे महिन्यातील पिलांत मादी शोधावी लागेल!

म्हणूनच पैदाशीसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ बरा. पहिल्या दोन-तीन सरी वाहू देऊन गच्चीवरील पावसाचे पाणी साठवावे आणि ते बोअरच्या पाण्यात मिसळून टाकी भरावी. अंडी फुटण्यास मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. डिसेंबर-जानेवारीत हीटर आवश्यक.

उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी निवते. मात्र पाणी उडते, क्षार मागेच राहतात. त्यामुळे घटलेली पातळी बोअरच्या पाण्याने न भरता साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने भरावी.