फॉर्मलीनची बाटली

परवा शनिवारी काकांच्या बायोप्सीची बाटली घेऊन शिवाजी पार्कहून परळच्या एका लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या बाईंनी लेबल वाचलं आणि विचारलं, "हे सलाईन आहे. फॉर्मलीन कुठे?" नर्सिंग होममध्ये कोणीतरी तुकडा चुकीच्या बाटलीत टाकला होता, तोही आदल्या संध्याकाळी. म्हणजे बहात्तर वर्षांच्या काकांना पुन्हा सुई. असा वैतागलो की रविवार सगळा वाचण्यात गेला.

शरीरातून काढलेला तुकडा लगेच स्वतःलाच पचवायला लागतो, पेशींमधली एन्झाइम्सच त्याला खातात. सलाईन त्याला फक्त ओलं ठेवतं. फॉर्मलीन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं, आमच्या भाषेत फाईल रीड-ओन्ली करतं. हा शोध लागला १८९३ मध्ये. फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होते आणि त्यांच्याच बोटांची कातडी कडक झाली! त्याआधी अल्कोहोल वापरायचे, पण त्यात तुकडा आक्रसतो.

आता परळ. १९४१ मध्ये तिथे टाटा मेमोरिअल सुरू झालं आणि प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी सवयी आणि कॅन्सर यांच्या नात्यावर शोधनिबंध लिहिला. धोतर जिथे घट्ट आवळतात त्या कमरेवरचा कॅन्सर, खैनी ठेवतात त्या खालच्या ओठाचा कॅन्सर. व्रण वरून कोणालाही दिसतो हो, पण तो कॅन्सरच आहे हे मायक्रोस्कोपखाली ठरतं, आणि तिथवर तुकडा धड पोचावा लागतो.

असे तुकडे पॅराफिनच्या ठोकळ्यात कित्येक दशकं टिकतात. १९१८ च्या फ्लूने मेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुफ्फुसाच्या अशाच तुकड्यातून १९९७ मध्ये त्या विषाणूच्या जीन्सचे भाग वाचले गेले. ७९ वर्षांचा बॅकअप! अर्थात थोडा करप्ट, कारण फॉर्मलीन जनुकीय धाग्याचे तुकडे पाडतं. आणि गंमत म्हणा किंवा काही म्हणा, फॉर्माल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने जाहीर केलं. बाटली घट्ट बंद ठेवायची ती म्हणून.

असो. बुधवारी काकांची बायोप्सी पुन्हा झाली. या वेळी मी आधीच विचारलं, "सिस्टर, फॉर्मलीनच आहे ना? तुकड्याच्या दहापट?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स. रिपोर्ट मंगळवारी मिळणार आहे.