दोनशे एकोणचाळीस अंश

मागच्या दिवाळीनंतर आठवड्याभराने आमच्या गोंदियाच्या घरी ओसरीवर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर दोन कॅमशाफ्ट शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही एकाच जातीच्या इंजिनाचे, लांबीला सारखे, वजनालाही जवळपास सारखे. तेल पुसून उजेडात धरले तरी नवख्या माणसाला फरक सांगता आला नसता. त्यातला एक आमच्या १९६४ च्या महिंद्रा जीपमध्ये पहिल्यापासून होता. दुसरा मी १९९६ मध्ये हौसेने करवून घेतला होता आणि त्या हौसेची किंमत घरातल्या एका बाळंतिणीला मोजावी लागता लागता राहिली होती. आता जीपचं इंजिन पुन्हा बांधायला काढलं होतं. या दोहोंपैकी कोणता कॅमशाफ्ट घालायचा, की तिसराच, असा प्रश्न होता. तो सोडवताना मला जो इतिहास धुंडाळावा लागला, तो इथे मांडतो आहे.

झाडीपट्टीतल्या माणसाला कॅम समजवायला ढेकी पुरते. लाकडाच्या लांब दांड्याच्या एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर बाईचा पाय. पाय दाबला की मुसळ वर जातं, पाय उचलला की ते स्वतःच्या वजनाने धानावर पडतं. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या पायाची जागा पाणचक्कीने घेतली. चक्कीच्या आसात खुंट्या ठोकल्या; आस फिरला की खुंटी दांडा दाबते आणि पुढे निघून जाते. ती खुंटी म्हणजे कॅम. अल-जझारी या अभियंत्याने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथातही असे आस आहेत. मोटारीच्या इंजिनात खुंटीच्या जागी आसावर घडवलेले अंडाकृती उंचवटे असतात आणि मुसळाच्या जागी व्हॉल्व्ह. उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग तो मिटवते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो.

उंचवट्याच्या आकारात तीन गोष्टी ठरून गेलेल्या असतात: व्हॉल्व्ह किती उघडायचा, केव्हा उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा. शेवटची गोष्ट क्रँकच्या अंशांत मोजतात. आमच्या जीपच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ९ अंश आधी उघडतो आणि पिस्टन खालच्या टोकाहून परत फिरल्यावर ५० अंशांनी मिटतो. मधले १८० धरले की बेरीज २३९. एक्झॉस्टचे आकडे ४७ आणि १२; बेरीज पुन्हा २३९. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे राहतात तो काळ ९ अधिक १२, म्हणजे २१ अंश. हे आकडे कारखान्याच्या पुस्तिकेतले आहेत. ते कुठून आले, हे पाहायला अमेरिकेतल्या टोलेडो शहरापर्यंत जावं लागतं.

टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीत १९३८ मध्ये डेल्मर रूस हे अभियंता आले. कंपनीकडे एक जुनं चार सिलिंडरचं इंजिन होतं, ताकद ४८ अश्वशक्तीची. रूस यांनी ते सुधारत ६० पर्यंत नेलं. पिस्टनचा व्यास ७९.४ मिलिमीटर आणि धाव १११.१ मिलिमीटर, असं उंच, सडपातळ इंजिन. घनता सुमारे २२०० सीसी. याच इंजिनाच्या जोरावर विलीजची जीप अमेरिकी सैन्यात गेली आणि युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. त्यांना शर्यत जिंकायची नव्हती. चिखलातून तोफ ओढायची होती, तीही हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर. म्हणून इंजिनाची ओढ २००० फेऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त असेल अशी रचना होती आणि कॅमही त्याच बेताचा होता.

१९५० मध्ये त्याच इंजिनाची पुढची आवृत्ती आली, तिचं नाव हरिकेन. इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये बसवला आणि मोठा केला. एक्झॉस्ट खालीच ठेवला. इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी या मॉडेलचं बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडे तीन पिढ्यांनी जीप म्हणून जी उंच नाकाची गाडी ओळखली, तिचं नाक या व्हॉल्व्हमुळे वर आलं आहे. ताकद ६० वरून सत्तरच्या पुढे गेली. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ही वाढ कॅमचा काळ न वाढवता झाली. जुन्या इंजिनाचे २३९ अंश नव्यातही तसेच राहिले. श्वास मोठा केला, पण श्वासाची लय बदलली नाही.

महिंद्रांची कंपनी १९४५ मध्ये लुधियानात सुरू झाली, १९४८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं आणि मुंबईत विलीजच्या जीपांची जुळणी होऊ लागली. आमच्या भागात जीप आली ती जंगलाच्या कामासाठी. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. गावोगावच्या फडांवर सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजून वाळत घातलेले. तिथवर जाणारी वाट म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. बाबा एका ठेकेदाराकडे मुनीम होते. त्याने जुनी जीप काढली तेव्हा बाबांनी ती घेतली. नंतर पेट्रोल महागलं तसं अनेकांनी आपापल्या जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसवून घेतली. काढलेली हरिकेन इंजिनं भंगारात गेली. बाबांनी बदललं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच असे, की ही गाडी रांगते चांगली.

मला मात्र रांगणारी गाडी नको होती. नागपूरला शिकताना जुनी अमेरिकी मासिकं रद्दीत मिळत, त्यातून मला तिकडच्या मसल कारचं वेड लागलं. त्या गाड्यांचा काळ फार मोठा नाही. १९६४ मध्ये पॉन्टियॅक कंपनीने जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कल्पनेतून मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन घातलं आणि तिला जीटीओ म्हटलं. साध्या आवृत्तीची ताकद ३२५ अश्वशक्ती, तीही ४८०० फेऱ्यांना. योगायोग असा की, त्याच साली आमची जीप बनली. पुढे दहाएक वर्षांत विम्याचे वाढते दर, धुराचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तो प्रकार आटोपला.

पण त्या गाड्यांमागची कारागिरी जुनी होती. लॉस एंजेलिसच्या परिसरात एड विनफिल्ड १९२० च्या दशकापासून वेगळ्या घाटाचे कॅम घासून देत. युद्धानंतर एड इस्केंडेरियन यांनी तोच धंदा वाढवला. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला की वरच्या फेऱ्यांवर इंजिनात जास्त हवा शिरते आणि ताकद वाढते. मात्र खालच्या फेऱ्यांवर उलट घडतं. इनटेक उशिरा मिटला की पिस्टन वर येताना घेतलेलं मिश्रण परत बाहेर ढकलतो. दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहिले की जळका धूर आत येतो. इंजिन उभ्या जागी थडथडतं. हा थडथडाट तिकडे शौकिनांना संगीतासारखा वाटे. तिथले जाणते कारागीर मात्र रस्त्यावरच्या गाडीला सौम्य कॅमच सुचवत आणि गिऱ्हाइकं बहुधा त्याच्या वरचा मागत. मीही असाच गिऱ्हाईक निघालो.

१९९६ मध्ये मी भंगारातून एक जादा कॅमशाफ्ट मिळवला आणि एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपकडून तो ‘रेसिंग’ घाटाचा घासून आणला. बाबांनी काही म्हटलं नाही. आमचे उस्ताद मिस्त्री इंजिन उघडताना एवढंच बोलले, “भाऊ, गाडी पयवाची हाये का वझं ओढाचं हाये, ते आधी ठरवा.” मी ठरवलं नाही. गाडी गोंदिया-आमगाव रस्त्यावर पळाली आणि मी खूश झालो.

पुढच्या जुलैत वहिनी बाळंतपणासाठी माहेरी, चिचगडच्या आतल्या एका खेड्यात होत्या. रात्री कळा सुरू झाल्या. दादा आणि मी जीप घेऊन तिथेच होतो. देवरीला न्यायचं होतं. पाऊस लागून होता. त्या जीपचा वायपर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे इनटेकमधल्या निर्वातावर चालतो. नव्या कॅमने ती ओढच घटवली होती, त्यामुळे वायपर काचेवर मधेच थांबून राही. वाटेतल्या नाल्यात गुडघाभर पाणी होतं. तिथे गाडी हळू, एका लयीत काढावी लागते. मी हळू घेतली की इंजिन बंद पडे, रेस दिली की चाकं गाळात फिरत. तिसऱ्यांदा बंद पडली ती पडलीच. दादा गावात धावले. ट्रॅक्टर आणून ओढून काढेपर्यंत तास-दीड तास गेला. पहाटे देवरीत मुलगा झाला, दोघंही सुखरूप. बाबांनी आठवड्याच्या आत उस्तादांना बोलावून जुना कॅमशाफ्ट परत बसवला. माझा मेणकापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला. टाकून दिला नाही. मला त्यांनी कधीही बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या पहाटे जन्मलेला पुतण्या आता यंत्र अभियंता आहे. इंजिन पुन्हा बांधायचा आग्रह त्याचाच. दोन्ही कॅमशाफ्ट त्याने लेथच्या दोन टोकांत धरून डायल गेजने मोजले. जुन्याचे सात उंचवटे एका मापाचे निघाले. आठवा जवळपास अर्धा मिलिमीटर झिजलेला. माझ्या हौसेच्या शाफ्टवर काळ साधारण २८४ अंश आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ ६२. म्हणजे मूळच्या जवळपास तिप्पट. सत्तावीस वर्षं जे मी नशिबावर ढकलत होतो, ते आकड्यांत समोर आलं.

“काका, मग मधला घेऊ,” तो म्हणाला. “२५० अंशांचा. अमेरिकेत याला सौम्यच म्हणतात. हायवेवर बरी चालेल.”

त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. त्या नाल्यावर आता पूल आहे. देवरीवरून जाणारा महामार्ग रुंद झाला आहे. कॅम जर रस्त्यासाठी असेल, तर रस्ता बदलल्यावर कॅम का बदलू नये? आम्ही दोन संध्याकाळी हिशोब करत बसलो. या जीपच्या मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८, चाकाचा एक फेरा साधारण २.२ मीटरचा. टॉप गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला इंजिन सुमारे १६०० फेरे करतं, ६० ला सुमारे २४५०. गाडीचं सगळं आयुष्य या दोन आकड्यांच्या मधे आणि खाली जातं. ज्या ४००० फेऱ्यांसाठी मोठा काळ लागतो, तिथे ही गाडी ताशी शंभराच्या जवळ असेल, आणि तिथे तिला कोणी नेऊ नये. त्यातून कॉम्प्रेशन अवघं ६.९. जीटीओचं दहाच्या वर होतं. इनटेक उशिरा मिटवल्याने जो दाब जातो, तो तिच्याकडे खर्चायला होता, आमच्याकडे नव्हता. ‘सौम्य’ हा शब्द ज्या इंजिनाबद्दल वापरला जातो, त्याच्या मापाने वाचायचा असतो. तिकडचा सौम्य कॅम आमच्या जीपला उग्रच ठरला असता. गिअर, हेड, कार्बोरेटर सगळं न बदलता एकट्या कॅमला आधुनिक करणं म्हणजे १९९६ ची चूक थोड्या कमी अंशांत पुन्हा करणं.

शेवटी जुनाच शाफ्ट मूळ घाटाला घासून घेतला. आठव्या उंचवट्याच्या झिजेइतके बाकीचे सातही उतरवावे लागले. खालचं वर्तुळ लहान झालं, तो फरक टॅपेट आणि रॉकरच्या जुळणीत भरून काढला. इनटेकला थंड इंजिनावर ०.०१८ इंच फट, एक्झॉस्टला ०.०१६. जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं तेल शोधलं, कारण असे सपाट टॅपेट आजच्या मोटारींच्या तेलात लवकर झिजतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालू ठेवलं, एकदाही स्लो न करता. मग रेस सोडली. इंजिन खाली आलं आणि एका लयीत चालू राहिलं. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “हा मामंजींच्या वेळचा आवाज.”

एक काम पुतण्याने माझ्या सांगण्याशिवाय केलं. घासून आलेला शाफ्ट बसवण्याआधी त्याने प्रत्येक उंचवट्याची उंची दर पाच अंशांना मोजून वहीत लिहिली. एका उंचवट्याची ७२ मापं, आठांची ५७६. पुन्हा कुणाच्या जीपचा कॅम गेला आणि नमुना मिळाला नाही, तर या आकड्यांवरून नवा घडवता येईल. त्याच वहीत शेवटच्या पानावर २८४ अंशांच्या शाफ्टचीही मापं आहेत. त्यांच्यापुढे त्याने स्वतःच्या जन्माची तारीख लिहिली आहे.